कुणीतरी ‘नको’ म्हणालं

यॉर्कच्या मिन्स्टरचा, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचा, दगड मऊ आहे. टॅडकास्टरजवळच्या खाणींतला, मलईच्या रंगाचा चुनखडक. छिन्नीखाली तो मुकाट वळतो, म्हणून त्यात वेली आल्या, माकडं आली, दात विचकणारे राक्षस आले. पण जो छिन्नीचं ऐकतो तो पावसाचंही ऐकतो. उत्तर इंग्लंडचा पाऊस हा दगड शतकानुशतकं खातो आहे, आणि मिन्स्टरचे पाथरवट झिजलेला दगड काढून त्या जागी नवा बसवत आले आहेत. त्यांची कामाची जागा आजही चर्चला लागून आहे. घण, छिन्नी, धूळ, सगळं चालू आहे.

दगड टिकत नाही. दगडाची काळजी टिकली तर दगड टिकतो.

*

‘नाही’ आणि ‘नको’ हे आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळे आहेत याबद्दल आपण आपल्या भाषेचे ऋणी असायला हवं. ‘नाही’ म्हणायला अधिकार लागतो. ‘नको’ म्हणायला फक्त जीव तुटावा लागतो. ‘नाही’ हा निकाल असतो, ‘नको’ ही विनवणी.

यॉर्कमधून फिरताना मला पावलोपावली हा दुसरा शब्द ऐकू आला. इमारत बांधणाऱ्याचं नाव पाटीवर असतं. ती पाडायला निघालेल्यांसमोर उभं राहून जो ‘नको’ म्हणाला, त्याचं नाव बहुधा कुठेच नसतं. जुनं शहर मात्र त्याच्यामुळेच जुनं राहिलेलं असतं.

*

१८०० साली यॉर्कच्या नगरपालिकेने शहराचे तट पाडायचं ठरवलं. कारणं वेडगळ नव्हती. वेशी अरुंद, गाड्या अडकतात. डागडुजीला पैसे लागतात. चाल करून येणारा शत्रू आता उरलेला नाही. पाडण्याची कारणं नेहमी शहाणीच असतात. म्हणून तर त्यांच्याशी भांडणं कठीण.

आर्चबिशपने विरोध केला, प्रस्ताव अडला. तरी पुढची तीस-पस्तीस वर्षं तुकड्यातुकड्याने पाडकाम चालूच राहिलं. इथे एक दिंडी दरवाजा गेला, तिथे तटाचा एक भाग गेला. यॉर्कच्या चारही मुख्य वेशींना पुढे रणमंडळं होती. आपल्या किल्ल्यांवर असतात तशीच, दरवाजावर थेट हल्ला होऊ नये म्हणून पुढे काढलेल्या दोन भिंती आणि मधली अरुंद वाट. १८२० आणि १८३० च्या दशकांत बूथम, मिकलगेट आणि मंक या तीन वेशींची रणमंडळं पाडली गेली. वॉल्मगेटचं तेवढं राहिलं. इंग्लंडमधल्या कुठल्याही शहराच्या वेशीला आज रणमंडळ उरलेलं नाही, ते फक्त वॉल्मगेटला आहे.

या काळात पुन्हा पुन्हा ‘नको’ म्हणणाऱ्यांत एक चित्रकार होता, विल्यम एटी. याच शहरात १७८७ मध्ये जन्मलेला, बाप पीठगिरणी आणि बेकरीवाला. लंडनला जाऊन रॉयल अकादमीचा सभासद झाला, नग्नचित्रांमुळे वाहवा आणि शिव्या दोन्ही मिळवल्या. शहराच्या कारभारात त्याला कसलाही अधिकार नव्हता. त्याने पत्रं लिहिली, भाषणं केली, लोकांना गोळा केलं. कधी जिंकला, कधी हरला. तट बरेचसे राहिले. पण १८३९ च्या सुमाराला रेल्वे आत घ्यायची म्हणून तटाला कमान पाडलीच.

आज साधारण साडेतीन किलोमीटर तटावरून चालता येतं. एटीची कबर सेंट ओलाव्ह चर्चच्या आवारात आहे. शेजारी सेंट मेरीज मठाचे अवशेष आहेत. आठव्या हेन्रीने १५३९ मध्ये तो मठ बंद केला आणि पुढे लोकांनी त्याचे दगड वाहून नेले. त्या पडक्या भिंतीतल्या कमानीतून पाहिलं की पलीकडे एटीची कबर दिसते. वाचवणाऱ्याने कुठे झोपावं, याला याहून चांगली जागा मला सुचत नाही.

*

यॉर्कमध्ये ‘गेट’ म्हणजे रस्ता आणि वेशीला म्हणतात ‘बार’. ८६६ मध्ये व्हायकिंग आले, शहर घेतलं, राहिले. त्यांच्या भाषेत रस्ता म्हणजे ‘गाता’. त्यांची लाकडी घरं कुजली, राज्य गेलं, पण शब्द रस्त्यांना चिकटून राहिला: स्टोनगेट, पीटरगेट, गुडरमगेट, कॉपरगेट.

आणि रस्ते शब्दांहूनही जुने. स्टोनगेट आणि पीटरगेट जवळजवळ त्याच रेषांवरून जातात जिथे इसवी सन ७१ मध्ये आलेल्या रोमन फौजेने छावणीचे दोन मुख्य रस्ते आखले होते. स्टोनगेटच्या टोकाला त्या वेळी सेनापतीची कचेरी होती. आज तिथे मिन्स्टर आहे. शिपाई हुकूम घ्यायला जात, नंतर यात्रेकरू आशीर्वाद घ्यायला जाऊ लागले. वाट तीच राहिली.

शहरातली सगळ्यांत जुनी इमारत म्हणजे रस्ता. तिला भिंती नसतात, म्हणून ती कुणाला पाडता येत नाही.

*

म्युझियम गार्डनमध्ये दहा बाजूंच्या बुरुजाचा एक कोपरा उभा आहे. जवळ जाऊन पाहावा. खाली लहान, नीट घडलेले दगड, विटेपेक्षा थोडे मोठे. मध्येच लाल भाजक्या विटांचा एक पट्टा सरळ रेषेत जातो, जणू कुणी शिवण घातली आहे. त्याच्या वर दगड एकदम मोठे होतात, बाणांसाठी फटी येतात. खालचं काम रोमन, वरचं मध्ययुगीन. दोन कामांमध्ये हजार वर्षांच्या आसपासचं अंतर आहे, आणि सांध्यात हाताचं बोट जेमतेम शिरतं.

ज्यांनी वरचे दगड चढवले त्यांना खालचे कुणाचे होते हे नीट ठाऊक असेलच असं नाही. भक्कम आहेत एवढं दिसलं, त्यांवर काम केलं. वारसा हा शब्द नव्हता तेव्हाही वारसा होता. त्याचं नाव पाया.

याच शहरात ३०६ साली रोमन सम्राट कॉन्स्टॅन्शियस वारला आणि सैन्याने त्याच्या मुलाला, कॉन्स्टन्टाइनला, सम्राट म्हणून पुकारलं. पुढे त्याने ख्रिस्ती धर्माला राजाश्रय दिला. जगाचं वळण कधी कधी अशा पावसाळी, सीमेवरच्या गावात ठरतं.

*

शॅम्बल्स ही खाटकांची गल्ली. इतकी अरुंद की वरच्या मजल्यांवरून समोरासमोरच्या खिडक्यांतली माणसं हात मिळवतील. मजले पुढे झुकत गेलेले, त्यामुळे खाली ऊन पोचत नाही. मांसाला ऊन नको होतं.

दुकानांपुढे रुंद लाकडी फळ्या अजून आहेत. त्यांवर मांस मांडत. शॅम्बल्स हे नावच जुन्या इंग्रजीतल्या ‘फळी’ या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. वर पाहिलं तर छज्ज्याखाली काळे लोखंडी आकडे दिसतात. मी एका आकड्याकडे बराच वेळ पाहत होतो. टोक गुळगुळीत झालेलं. लोखंड माणसाच्या हाताने झिजत नाही इतक्या सहजी; रोज वजन टांगलं, रोज उतरवलं, पिढ्या गेल्या तेव्हा कुठे ते टोक असं बोथट झालं असेल. खाली दोन्हीकडे उंच फूटपाथ आणि मधोमध वाट, रक्तपाणी वाहून जावं म्हणून. आता तिथे मिठाई, वाइन, जादूगारांच्या छड्या विकतात. खाटीक एकही नाही. पण आकडे काढले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. देखणेपणासाठी वास पुसला तरी चालेल. रक्ताचा पुरावा पुसू नये.

*

याच गल्लीत एका खाटकाची बायको राहत होती, मार्गारेट क्लिथेरो. पहिल्या एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक धर्मगुरूला घरात लपवणं हा देहान्ताचा गुन्हा होता. १५८६ मध्ये त्याच गुन्ह्यासाठी तिला पकडलं. कोर्टाने विचारलं, गुन्हा कबूल की नाकबूल? तिने दोन्हीपैकी काहीच सांगितलं नाही. खटला चालला असता तर तिच्या मुलांना साक्षीला ओढलं असतं. उत्तर न देणाऱ्याला कायद्यात एकच शिक्षा होती: अंगावर वजन ठेवत जायचं, उत्तर देईपर्यंत किंवा मरेपर्यंत. २५ मार्चला ऊझ नदीवरच्या पुलाजवळच्या नाक्याच्या इमारतीत तिला आडवं घातलं, पाठीखाली टोकदार दगड ठेवला, अंगावर तिच्याच घराचा दरवाजा टाकला आणि त्यावर वजनं.

घराचा दरवाजा. आपण ज्याच्या आड सुरक्षित असतो तोच.

१९७० मध्ये रोमने तिला संत ठरवलं. शॅम्बल्समध्ये एका घरात तिचं देवघर आहे, लोक येऊन गुडघे टेकतात. अभ्यासक म्हणतात, ती राहत होती ते घर बहुधा हे नव्हे, समोरच्या बाजूचं. मला त्याने फरक पडला नाही. मी बसलो तेव्हा कोपऱ्यात एक म्हातारी डोळे मिटून ओठ हलवत होती. घर चुकलं असेल. आठवण चुकलेली नाही.

*

फॉस नदीकाठी व्यापाऱ्यांच्या संघाचं सभागृह आहे, मर्चंट ॲडव्हेंचरर्स हॉल. १३५७ ला काम सुरू झालं, चार वर्षांत उभं राहिलं. अजून त्याच संघाच्या मालकीचं आहे.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. वर भलामोठा लाकडी दिवाणखाना, तिथे सौदे व्हायचे. खाली तळघरात दवाखाना-आश्रम, गरीब आणि आजारी म्हाताऱ्यांसाठी. शेजारी प्रार्थनागृह. म्हणजे पैसा मोजताना व्यापाऱ्याच्या पायाखालीच गरीब झोपलेला असे. नदीला पूर आला की पाणी आधी खालच्या मजल्यात शिरतं, तेव्हाही शिरत असणार. सगळी समाजव्यवस्था एका छताखाली मांडलेली, आणि तीही प्रामाणिकपणे. तो आश्रम १९०० पर्यंत चालला. पाचशेहून अधिक वर्षं व्यापाऱ्यांनी खालच्या मजल्याला ‘नको’ म्हटलं नाही, हीही एक गोष्ट लक्षात ठेवावी अशी.

*

गुडरमगेटवरची लेडी रो ही घरांची ओळ १३१६ ची. चर्चच्या आवाराच्या कडेला बांधली, भाडं यावं आणि त्यातून मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या पाद्र्याचा पगार निघावा म्हणून. स्वर्गाचा खर्च पृथ्वीवरच्या भाडेकरूंनी भरला.

त्या ओळीच्या मागे, एका बोळातून आत गेलं की होली ट्रिनिटी चर्च. जमीन खालीवर, बसायच्या जागा लाकडी कपाटांसारख्या चौकोनी आणि दारं असलेल्या. विजेचे दिवे नाहीत. १८३४ च्या ईस्टरला ॲन लिस्टर आणि ॲन वॉकर या दोन बायांनी इथे एकत्र प्रसाद घेतला आणि त्याला आपलं लग्न मानलं. समाजाने मान्यता द्यावी अशी त्यांनी वाट पाहिली नाही. फक्त शेजारी शेजारी गुडघे टेकले. २०१८ मध्ये इथे पाटी लागली. तिच्यावरचे शब्द लोकांना गुळमुळीत वाटले, तक्रारी झाल्या, पुढच्या वर्षी स्पष्ट शब्दांची नवी पाटी लागली. एवढीशी पाटी, पण ती बदलायला लावणं हेही शहर जपणंच.

*

जुनी घरं नेहमी पडतातच असं नाही. कधी कधी ती बेपत्ता होतात. कॉफी यार्ड नावाच्या बोळात १९८० च्या दशकात पाडायला निघालेल्या एका पडक्या कचेरीच्या आत, पलिस्तराखाली, चौदाव्या शतकातला लाकडी सांगाडा निघाला. ते घर एका मठाने शहरात उतरायला बांधलं होतं. मधल्या काळात त्याच्या आतल्या वाटेचा सार्वजनिक बोळ झाला होता. कैक पिढ्या लोक एका दिवाणखान्याच्या कडेने चालत होते आणि त्यांना ते माहीत नव्हतं. आता ते बार्ली हॉल म्हणून उभं आहे.

फेअरफॅक्स हाउसचं तसंच. १७६० च्या दशकात वास्तुकार जॉन कार याने सजवलेलं उमरावाचं घर, छतावर नाजूक गिलावा. विसाव्या शतकात ते सिनेमागृहाचा भाग झालं. १९८० च्या दशकात यॉर्क सिव्हिक ट्रस्टने ते सोडवून घेतलं.

*

मिन्स्टरकडे पुन्हा येतो, कारण यॉर्कमध्ये सगळे पुन्हा तिथेच येतात.

आजची इमारत १२२० च्या सुमारास सुरू झाली आणि १४७२ मध्ये पूर्ण झाली असं मानलं गेलं. अडीचशे वर्षं. ज्याने पाया घातला त्याच्या नातवाच्या नातवालाही कळस दिसला नाही. तरी कुणी घाई केली नाही, आणि कुणी सोडूनही दिलं नाही. १४०७ मध्ये मधला मनोरा कोसळला, पुन्हा बांधला.

पूर्वेची मोठी काच याच धामधुमीत झाली. कॉव्हेन्ट्रीच्या जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत ती केली. आकाराने टेनिसच्या मैदानाएवढी. वरच्या भागात जगाची उत्पत्ती, खाली जगाचा अंत. अगदी शेंड्याला, जिथे खालून कुणाचीही नजर पोचत नाही, तिथे थॉर्नटनने वर्ष आणि आपली खूण घातली आहे. ज्याला ती दिसावी असं त्याला वाटत होतं, त्याला खाली उभं राहावं लागत नाही.

१६४४ च्या यादवी युद्धात पार्लमेंटच्या फौजांनी यॉर्कला वेढा घातला. त्या वेळी याच पक्षाचे लोक देशभर चर्चमधल्या रंगीत काचा मूर्तिपूजा म्हणून फोडत होते. वॉल्मगेट वेशीच्या दगडात तोफगोळ्यांच्या खुणा अजून आहेत. १६ जुलैला शहर शरण आलं. जिंकलेल्या सैन्याचा एक सेनापती टॉमस फेअरफॅक्स याच यॉर्कशरचा. चर्चना हात लावायचा नाही, असं तहाच्या कलमात होतं आणि फेअरफॅक्सने ते पाळायला लावलं. हरलेल्याने ‘नको’ म्हणणं सोपं असतं. जिंकणाऱ्याने आपल्याच माणसांना ‘नको’ म्हणणं दुर्मीळ. इंग्लंडमधल्या मध्ययुगीन रंगीत काचेचा फार मोठा भाग आज या एका शहरात आहे.

*

मिन्स्टर अलीकडच्या काळात तीनदा जळलं.

१८२९ मध्ये जोनाथन मार्टिन नावाचा धर्मवेडा संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आत लपून राहिला आणि रात्री त्याने प्रार्थनेची पुस्तकं रचून आग लावली. सकाळी एक गाणारा मुलगा बर्फावरून घसरून उताणा पडला आणि त्याला छपरातून धूर दिसला, अशी आठवण सांगतात. गायकांची लाकडी आसनं, छप्पर, सगळं गेलं. मार्टिनला वेडा ठरवून इस्पितळात ठेवलं, तिथेच तो वारला. आगीनंतर आतला पंधरा राजांच्या मूर्तींचा दगडी पडदा मागे सरकवायची टूम निघाली. तेव्हाही एटी उठला. पडदा जागचा हलला नाही.

१८४० मध्ये कामगाराच्या मेणबत्तीने दुसरी आग लागली. नैर्ऋत्येचा मनोरा आणि मुख्य दालनाचं छप्पर जळलं.

तिसरी ९ जुलै १९८४ ची, पहाटेची, बहुधा विजेची. दक्षिणेकडच्या बाजूचं छप्पर पेटलं. आग मधल्या मनोऱ्याकडे सरकू लागली तेव्हा बंबवाल्यांनी पाण्याचा मारा करून जळतं छप्पर मुद्दाम खाली पाडलं. वाचवायचं असेल तर कधी काय पाडायचं ते कळावं लागतं. त्याच बाजूला उंचावर एक गुलाबखिडकी आहे. तिच्या काचेला चाळीस हजारांच्या आसपास चिरा गेल्या, पण एकही भोक पडलं नाही, कारण थोड्याच वर्षांपूर्वी तिचं शिसं कारागिरांनी नव्याने भरलं होतं. ज्यांनी ते भरलं, त्यांना आग लागणार हे कुठे माहीत होतं? काम नीट करायचं, एवढंच त्यांना माहीत होतं.

छप्पर चार वर्षांत पुन्हा उभं राहिलं, ओक लाकडाचं. सांध्यांवरच्या नव्या कोरीव फुलांतली काही, मुलांच्या एका टीव्ही कार्यक्रमाच्या स्पर्धेत जिंकलेल्या मुलांनी कल्पिली. एकावर चंद्रावर पाऊल ठेवणारा माणूस आहे. देवळात चंद्रवीर कशाला, असं कुणी विचारलं तर सांगावं, तेराव्या शतकातल्या पाथरवटानेही त्याच्या काळातलंच कोरलं होतं.

*

आगीपेक्षा मोठं संकट मात्र निःशब्द आलं. १९६७ मध्ये कळलं की मधला मनोरा बुडतो आहे. सोळा हजार टन वजन, आणि खाली जुन्या नॉर्मन चर्चचा अपुरा पाया. मिन्स्टरचे वास्तुतज्ज्ञ बर्नार्ड फील्डन आणि त्यांच्या माणसांनी पाच वर्षं जमिनीखाली काम केलं. पायाभोवती काँक्रीटचे पट्टे घातले, स्टेनलेस स्टीलच्या सळयांनी ते आवळले. वर पूजा चालू, खाली खणती चालू. या खणतीत रोमन कचेरीच्या भिंती सापडल्या.

हेच फील्डन पुढे जगभर इमारतींच्या दुरुस्तीचं शास्त्र शिकवत राहिले आणि १९८९ मध्ये इन्टॅक या संस्थेसाठी भारतातल्या इमारतींच्या जपणुकीची मार्गदर्शिका त्यांनी लिहिली. आपल्याकडच्या वाड्यांना, देवळांना हात लावण्याआधी अनेकांनी ती चाळली आहे. यॉर्कच्या तळघरातलं शहाणपण असं इथवर आलेलं आहे.

*

२९ एप्रिल १९४२ ची पहाट. जर्मन विमानांनी यॉर्कवर बाँब टाकले. नदीकाठचा पंधराव्या शतकातला गिल्डहॉल जळला, त्याचे ओकचे खांब जळले. कोनी स्ट्रीटवरचं सेंट मार्टिन चर्च जळून चार भिंतींचं झालं.

पण त्याची मोठी काच, १४३७ च्या सुमाराची, तिथे नव्हती. युद्धाच्या सुरुवातीलाच कुणीतरी शिडी लावून ती उतरवून ठेवली होती. मिन्स्टरच्या काचाही तशाच उतरवल्या होत्या.

वास्तुकार जॉर्ज पेस याने ते चर्च पुन्हा बांधताना सगळं जुनं परत उभारलं नाही. जिथे भिंत उरली तिथे चर्च, जिथे छप्पर गेलं तिथे उघडी बाग. उतरवलेली काच नव्या भिंतीत बसवली. १९६८ पासून ते तसं आहे. जखम झाकायची की दाखवायची, हा प्रश्न प्रत्येक पडक्या भिंतीसमोर असतो. पेसने अर्धी दाखवली. ते मला योग्य वाटतं.

*

एक जागा मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण तिथे ‘नको’ ऐकू येत नाही.

किल्ल्याच्या टेकडीवर चार पाकळ्यांच्या आकाराचा दगडी मनोरा आहे, क्लिफर्ड्‌स टॉवर. गवताची हिरवी उतरंड, वर गोल भिंती. फोटोला सुंदर. हा दगडी मनोरा तेराव्या शतकातला, तिसऱ्या हेन्रीने बांधवलेला. पण गोष्ट त्याच्या आधीच्या लाकडी मनोऱ्याची आहे.

११९० चा मार्च. पहिला रिचर्ड नुकताच राजा झाला होता आणि धर्मयुद्धाच्या तयारीत देशाबाहेर होता. यॉर्कमध्ये ज्यूंवर हल्ले सुरू झाले. हल्लेखोरांचे पुढारी वेडेपिसे नव्हते; रिचर्ड मालेबिससारखे त्यांच्यातले काही ज्यू सावकारांचे मोठे कर्जदार होते. दीडशेच्या आसपास ज्यू, बायकामुलांसह, किल्ल्यातल्या लाकडी मनोऱ्यात आसऱ्याला गेले. किल्लेदार बाहेर गेला तेव्हा तो आपल्याला जमावाच्या हाती देईल या भीतीने त्यांनी दार लावून घेतलं. शेरीफने सैनिक बोलावले, जमाव वाढला, वेढा पडला. १६ मार्चच्या रात्री आतल्यांना सुटकेची आशा उरली नाही. रब्बी योमतोव यांच्या सांगण्यावरून बहुतेकांनी आपल्या माणसांचे आणि स्वतःचे जीव घेतले, मनोऱ्याला आग लावली. सकाळी जे उरले होते त्यांना अभय देतो असं सांगून बाहेर काढलं आणि ठार मारलं.

त्यानंतर जमाव मिन्स्टरमध्ये गेला. कर्जाची कागदपत्रं तिथे सुरक्षित ठेवलेली होती. ती काढून चर्चच्या फरशीवर जाळली. ज्या इमारतीबद्दल मी इतका वेळ प्रेमाने लिहितो आहे तिच्या आधीच्या इमारतीत, त्याच जागेवर.

त्या वेळचा इतिहासकार न्यूबर्गचा विल्यम लिहून गेला आहे की शहरातले वजनदार नागरिक राजाच्या रोषाला भिऊन या प्रकारापासून दूर राहिले. दूर राहिले. मध्ये पडले, असं तो म्हणत नाही.

११९४ मध्ये राजाने नवी व्यवस्था आणली: ज्यूंच्या कर्जाच्या प्रत्येक कागदाची एक प्रत कुलूपबंद पेटीत राहील. म्हणजे पुढच्या वेळी माणसं मेली तरी हिशेब मरू नये. १२९० मध्ये ज्यूंना इंग्लंडमधून हाकलूनच दिलं.

तट पाडायला निघाले तेव्हा चित्रकार उभा राहिला. काचा फोडायची वेळ आली तेव्हा सेनापती उभा राहिला. माणसं जळत होती तेव्हा शहरातलं कुणी उभं राहिल्याची नोंद नाही. इमारतींवर प्रेम करणारा मी, मला ही गोष्ट गिळता येत नाही, आणि ती गिळली जाऊ नये असंच मला वाटतं.

१९०२ च्या सुमाराला मनोऱ्याचा पाया पक्का करण्यासाठी टेकडी खणली तेव्हा आत खोलवर जळकं लाकूड सापडलं.

टेकडीच्या पायथ्याशी, पायऱ्यांजवळ, एक लहानशी पाटी आहे. ती १९७८ मध्ये लागली, घटनेला सातशे अठ्ठ्याऐंशी वर्षं झाल्यावर. लोक वरून शहर पाहण्याच्या ओढीने तिच्या शेजारून निघून जातात. यॉर्कला गेलात तर वर चढण्याआधी तिथे थांबा आणि ती वाचा.